६,७७६ होमरनचा मोसम आणि चेंडूवरचा आरोप

२०१४ च्या मोसमात अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये ४,१८६ होमरनची, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारख्या कुंपणापलीकडे जाणाऱ्या फटक्यांची, नोंद झाली. २०१९ मध्येही संघ तेच तीस होते आणि प्रत्येकाच्या वाट्याचे सामने तेच १६२ होते, पण होमरन मात्र ६,७७६ झाले. दर संघामागे दर सामन्याचा हिशेब केला, तर हे प्रमाण ०.८६ वरून १.३९ वर गेले, म्हणजे पाच वर्षांत सुमारे ६२ टक्के वाढ झाली. मिनेसोटा ट्विन्सने त्या एका मोसमात ३०७ आणि न्यूयॉर्क यांकीजने ३०६ होमरन मारले. त्याआधी एका संघाचा सर्वोच्च आकडा २६७ होता आणि तोही यांकीजनेच आदल्याच वर्षी गाठलेला होता. दुसऱ्या बाजूला बाल्टिमोर ओरिओल्सच्या पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, एका मोसमात ३०५ होमरन खाल्ले. विक्रम तुटणे हा खेळाचा नित्यक्रम आहे. पण मारणाऱ्यांचे आणि मार खाणाऱ्यांचे विक्रम एकाच वर्षी, तेही एवढ्या फरकाने तुटू लागले, की संशयाची सुई खेळाडूंवरून साधनाकडे वळणे साहजिक असते. या प्रकरणात ते साधन म्हणजे चेंडू.

मधल्या वर्षांचे आकडे सरळ रेषेत चढलेले नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. २०१५ मध्ये ४,९०९ होमरन झाले. त्यातली वाढ मोसमाच्या सुरुवातीपासून दिसत नाही. मोसमाच्या मध्यावर, जुलैमध्ये होणाऱ्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यानंतर ती जाणवू लागते. २०१६ मध्ये आकडा ५,६१० वर गेला. २०१७ मध्ये तो ६,१०५ झाला आणि उत्तेजकांच्या काळातला, २००० सालचा ५,६९३ चा विक्रम मागे पडला. २०१८ मध्ये तो ५,५८५ वर उतरला आणि पुढच्याच वर्षी ६,७७६ वर उसळला. फलंदाजांचे तंत्र, व्यायामाच्या पद्धती आणि संघांचे डावपेच वर्षानुवर्षे थोडेथोडे बदलत जातात. एका हिवाळ्यात पाचशे होमरन कमी व्हावेत आणि पुढच्या हिवाळ्यात जवळजवळ बाराशेंनी वाढावेत, असे तंत्राच्या बाबतीत घडत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र ते सहज घडू शकते.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले गेले आणि त्यामुळे बरीच वर्षे वाया गेली. चेंडू बदलला का, हा पहिला प्रश्न. त्या बदलामुळे होमरन वाढले का, हा दुसरा. आणि तो बदल कोणी जाणूनबुजून केला का, हा तिसरा. लीगने तिसऱ्याचे उत्तर ठामपणे 'नाही' असे दिले, पण ते अशा आविर्भावात, की पहिल्या दोहोंचेही उत्तर त्यात आले. टीकाकारांनी पहिल्या दोहोंचा पुरावा हाती लागताच तिसराही सिद्ध झाल्याचे धरून चालले. हे तिन्ही प्रश्न वेगळे ठेवले, तर प्रकरण पुष्कळ सोपे होते.

चेंडूची घडण

मेजर लीगचे चेंडू रॉलिंग्ज कंपनीच्या कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथील कारखान्यात तयार होतात. आत बुचाचा गाभा आणि त्यावर रबराची आवरणे असतात. त्यावर यंत्राने ताण देऊन लोकरीच्या धाग्याचे तीन थर आणि शेवटी सुताचा एक पातळ थर गुंडाळला जातो. मग गायीच्या कातड्याचे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन तुकडे त्यावर बसवून मेण लावलेल्या लाल दोऱ्याने १०८ दुहेरी टाके घातले जातात. ही शिलाई आजही हातानेच होते. दोन सुया घेऊन बसलेली व्यक्ती दोरा किती ओढते, कातडे किती ओलसर आहे, दोरा किती जाड आहे आणि शिवल्यानंतर शिवण दाबून बसवण्यासाठी चेंडू यंत्रात कसा फिरवला जातो, या सगळ्यांवर शिवणीची अंतिम उंची ठरते. कातडे आणि लोकर या दोन्ही प्राणिज वस्तू असल्याने हवेतील दमटपणा त्या शोषतात व सोडतात. त्यामुळे कारखान्यातून निघालेला आणि मैदानावर पोहोचलेला चेंडू तंतोतंत सारखा असेलच, याचीही खात्री देता येत नाही.

खेळाच्या अधिकृत नियमावलीतील ३.०१ क्रमांकाचा नियम चेंडूबद्दल फार थोडे सांगतो. वजन ५ ते ५.२५ औंस, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम असावे आणि परीघ ९ ते ९.२५ इंच, म्हणजे सुमारे २२९ ते २३५ मिलिमीटर असावा, एवढेच त्यातले मोजमाप आहे. याखेरीज कठीण पृष्ठभागावर ठराविक वेगाने आदळल्यावर चेंडू किती वेगाने परत फिरतो, त्या उसळीची एक मर्यादा प्रयोगशाळेत तपासली जाते. हवेतून जाताना चेंडूला किती अडथळा व्हावा, याबद्दल नियमात अवाक्षर नाही.

ही मर्यादाही किती ऐसपैस आहे, हे या प्रकरणाच्या कितीतरी आधी ठाऊक झालेले होते. १९९० च्या दशकाअखेरीस होमरन वाढल्यावर लीग आणि रॉलिंग्ज यांच्याच खर्चाने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल येथील केंद्रात चाचण्या झाल्या. २००० सालच्या त्या अहवालाने चेंडू नियमात बसतात असा निर्वाळा दिला. पण त्याच अहवालात असेही नमूद होते, की नियमात बसणाऱ्या दोन चेंडूंपैकी एक दुसऱ्यापेक्षा सैद्धांतिकदृष्ट्या ४९ फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर दूर जाऊ शकतो. बहुतेक मैदानांची कुंपणे टोकांना ३३० फुटांच्या आणि मध्यभागी ४०० फुटांच्या आसपास असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या ४९ फुटांचे वजन कळते. तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिले वाक्य छापले आणि दुसऱ्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 'चेंडू नियमात आहे' हे विधान खरे असूनही प्रश्नाचे उत्तर होत नाही, हे त्याच वेळी ध्यानात यायला हवे होते.

हवेच्या रोधाची मोजणी

संशय आधी उसळीवर होता. चेंडू बॅटवरून अधिक वेगाने सुटत असेल, तर तो दूर जाणार, असा हा सरळ तर्क होता. जून २०१७ मध्ये पत्रकार बेन लिंडबर्ग आणि बेसबॉलचे विश्लेषक मिचेल लिक्टमन यांनी वेगवेगळ्या काळांतील चेंडू तपासून घेऊन, नव्या चेंडूंची उसळी किंचित जास्त आणि शिवण किंचित खाली असल्याचे मांडले. पण २०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही नोंदयंत्रणा होती आणि ती प्रत्येक फटक्याचा बॅटवरून सुटतानाचा वेग व कोन टिपत होती. त्या नोंदींवरून वेग आणि कोन फारसे बदललेले दिसत नव्हते. बदलले होते ते पुढचे. तोच वेग, तोच कोन, पण २०१५ च्या सुरुवातीला कुंपणाआत झेल होणारा फटका २०१७ मध्ये कुंपणापलीकडे जात होता.

येथे हवेचा रोध किती मोठा असतो, हे समजून घेतले पाहिजे, कारण रोजच्या अनुभवावरून त्याची कल्पना येत नाही. ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर वेगाने आणि २८ अंशांच्या कोनात सुटलेला चेंडू हवाच नसती तर सुमारे १७० मीटर गेला असता. प्रत्यक्षात तो १२० मीटरच्या आसपास पडतो. पन्नास मीटर हवा खाते. एवढ्या मोठ्या वजावटीत तीन टक्क्यांचा फरक पडला, तरी अशा फटक्याचे अंतर पाचेक फुटांनी बदलते. पाच फूट ही मोठी गोष्ट वाटत नाही. पण कुंपणाच्या अलीकडच्या दहापंधरा फुटांच्या पट्ट्यात दर मोसमाला शेकडो फटके पडत असतात आणि अंतर जरासे वाढले की त्यांतले बरेच एकदम पलीकडे जातात. म्हणून रोध तीन टक्क्यांनी कमी झाला की होमरन तीन टक्क्यांनी वाढत नाहीत, ते दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढतात.

हा रोध मोजण्याची बेसबॉलचे विश्लेषक रॉब आर्थर यांची पद्धत मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत सुरेख वाटते. फटक्याकडे न पाहता त्यांनी पिचरने टाकलेल्या चेंडूकडे पाहिले. पिचरची जागा होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीपासून, ६० फूट ६ इंचांवर असते. हातातून ताशी ९५ मैलांनी सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेतो सात-आठ मैल वेग गमावतो, आणि तो किती गमावतो याची नोंद मैदानातील यंत्रणा प्रत्येक चेंडूमागे करतेच. मोसमाला सुमारे सात लाख चेंडू टाकले जातात. तापमान आणि मैदानाची उंची यांमुळे पडणारा फरक वजा केला, की उरतो तो चेंडूचा स्वतःचा रोध. म्हणजे चेंडू बदलला की नाही, हे सांगणारी लाखो मोजमापे लीगच्याच नोंदींत आधीपासून पडून होती आणि त्यांत फलंदाजाच्या कौशल्याचा लवलेशही नव्हता. होमरन वाढलेल्या वर्षांत हा वेगक्षय कमी आणि उतरलेल्या वर्षांत जास्त, असे त्यांतून दिसत होते.

लीगने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने मे २०१८ मध्ये अहवाल दिला. अध्यक्ष होते इलिनॉय विद्यापीठातील निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन, आणि समितीत एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलटेक अशा ठिकाणचे अभ्यासक होते. समितीने तापमानाचे कारण बाजूला सारले, फलंदाजांनी फटक्याचा कोन बदलल्यामुळे ही वाढ झाली हा लोकप्रिय खुलासाही अपुरा ठरवला आणि वाढीचे मुख्य कारण चेंडूचा हवेतील रोध कमी होणे हेच आहे, असा निष्कर्ष काढला. पण रोध नेमका कशामुळे कमी झाला, हे मात्र समितीला सांगता आले नाही. गाभा अधिक नेमका मध्यभागी बसू लागल्याने चेंडू फिरताना कमी डगमगत असावा, अशी एक शक्यता चर्चेत आली. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी पुढे ती अनेकदा बोलूनही दाखवली. तिला पुरेसा आधार कधी मिळाला नाही.

समितीला जे दिसले नाही, त्याच्या जवळपास पोहोचणारे काम एका व्यक्तीने स्वतंत्रपणे केले. खगोलभौतिकीच्या अभ्यासक मेरेडिथ विल्स यांनी वेगवेगळ्या वर्षांचे चेंडू उसवले आणि दोरा, कातडे व गाभा वेगळे करून मोजले. २०१६-१७ च्या चेंडूंतील लाल दोरा २०१४ च्या चेंडूंतील दोऱ्यापेक्षा सरासरी नऊ टक्के जाड असल्याचे त्यांना आढळले. त्यांचा तर्क असा, की जाड दोरा चेंडू वाळताना कमी ताणला जातो, त्यामुळे शिवणीपाशी येणारा फुगवटा कमी होतो, चेंडू अधिक गोल राहतो आणि गोल चेंडूला हवा कमी अडवते. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला शिवणीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये शिवणीची चर्चा चेंडू वळण्याच्या संदर्भात होते आणि येथे तो किती लांब जातो यासाठी होते. दोऱ्याचा पुरवठादार किंवा जात बदलणे हा कारखान्याच्या दृष्टीने खरेदी विभागातला किरकोळ निर्णय असू शकतो. त्याची चाचणी घेण्याचे कारणच कोणाला वाटणार नाही, कारण वजन, परीघ आणि उसळी या तिन्ही मोजमापांत चेंडू उत्तीर्ण होतच राहतो.

२०१९: नकळत झालेला प्रयोग

अशा प्रकरणांत एरवी नियंत्रित प्रयोग करता येत नाही. २०१९ मध्ये तो आपोआप झाला. मेजर लीगच्या लगतच्या खालच्या पायरीवर असलेल्या ट्रिपल-ए स्पर्धांत तोवर चीनमध्ये बनलेला वेगळा चेंडू वापरला जाई. त्या वर्षीपासून तेथे मेजर लीगचा चेंडू आला आणि होमरन दीडपटीहून अधिक झाले. त्याखालच्या डबल-ए स्पर्धांनी जुनाच चेंडू ठेवला, आणि तेथे अशी वाढ दिसली नाही. फटक्याचा कोन वाढवण्याचे जे तंत्र सगळ्या संघांत शिकवले जात होते, ते डबल-एच्या खेळाडूंनाही शिकवले जात होतेच. तंत्र दोन्हीकडे तेच, चेंडू मात्र एकाच ठिकाणी बदललेला. चेंडूविरुद्धचा याहून स्वच्छ पुरावा मागणे अवघड आहे.

मेजर लीगमध्ये हवेत उडालेल्या फटक्यांपैकी होमरन होणाऱ्यांचे प्रमाण २०१४ मध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होते; २०१९ मध्ये ते पंधरा टक्क्यांवर गेले. जुलैत क्लीव्हलंड येथील ऑल-स्टार सामन्याच्या वेळी ह्यूस्टनचा पिचर जस्टिन व्हरलँडर याने चेंडू बदलला आहे असे उघडपणे म्हटले आणि रॉलिंग्जची मालकी कोणाकडे आहे, याकडे बोट दाखवले; ती आदल्याच वर्षी लीगकडे आली होती. मार खाल्लेल्या पिचरची ही कुरकुर आहे, असे म्हणून ती सोडून देता आली असती. पण त्या मोसमात ३६ होमरन देऊनही सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, त्यामुळे अपयशाचे खापर तो चेंडूवर फोडत होता, असे म्हणायला जागा राहत नाही.

ऑक्टोबरमध्ये बाद फेरी सुरू झाली आणि खात्रीने कुंपण ओलांडतील असे वाटणारे फटके अलीकडेच पडू लागले. आर्थर यांच्या मोजणीत रोध एकाएकी वाढलेला दिसला. सेंट लुइस कार्डिनल्सचे तेव्हाचे व्यवस्थापक माइक शिल्ट यांनीही आपल्या संघाच्या विश्लेषकांना चेंडू सुमारे साडेचार फूट कमी जात असल्याचे आढळल्याचे सांगितले. बाद फेरीचे चेंडू मोसमातल्याच उत्पादनातले आहेत, असा लीगचा खुलासा होता. तो खरा मानला, तरी त्यातून निघणारा अर्थ लीगला फारसा सोयीचा नाही: एकाच वर्षाच्या उत्पादनात एवढी तफावत असेल, तर कोणता विजेता चेंडूच्या कोणत्या खेपेमुळे ठरला, हे सांगता येणार नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये समितीचा दुसरा अहवाल आला. त्यात २०१९ मधील वाढीची विभागणी केलेली होती: सुमारे ६० टक्के वाटा कमी झालेल्या रोधाचा आणि ४० टक्के वाटा फलंदाजांनी फटक्याचा वेग व कोन बदलल्याचा. चेंडूवर दोष ठेवणाऱ्यांनी दुसरा आकडा आणि चेंडू निर्दोष मानणाऱ्यांनी पहिला आकडा सहसा गाळला. खेळाडूंचा वाटा खोटा नाही. जे. डी. मार्टिनेझ आणि जस्टिन टर्नर यांच्यासारख्यांनी बॅटचा मार्ग बदलून स्वतःची कारकीर्द पालटवली होती आणि इतरांनी ते पाहिले होते. शिवाय ही दोन कारणे एकमेकांपासून पूर्णपणे सुटी नाहीत. उंच फटका कुंपणापलीकडे जाण्याची शक्यता वाढली, की उंच फटका मारणे अधिक किफायतशीर ठरते आणि त्यासाठी तीनदा चेंडू हुकून बाद होण्याचा (स्ट्राइकआउटचा) धोका पत्करणेही परवडते. अशा रीतीने बाद होण्याचे प्रमाण २०१४ मध्ये २०.४ टक्के होते, ते २०१९ मध्ये २३ टक्के झाले. म्हणजे त्या ४० टक्क्यांतलाही काही भाग चेंडूनेच खेळाडूंना शिकवलेला असणार, असे मला वाटते. तो किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

रोधातील बदलापैकी सुमारे ३५ टक्के शिवणीच्या उंचीने स्पष्ट होतो, असे समितीला आढळले. आणि शिवणीच्या सरासरी उंचीतला हा वर्षावर्षांमधला फरक होता एका इंचाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. उरलेल्या बदलाचे कारण मिळाले नाही. मला या अहवालातली सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र वेगळीच वाटते: एकाच मोसमातील दोन चेंडूंच्या रोधात जेवढा फरक सापडतो, तो दोन मोसमांच्या सरासरींतल्या फरकापेक्षा मोठा असतो. याचा अर्थ फलंदाजाच्या वाट्याला त्या क्षणी कोणता चेंडू येतो, यावर होमरन आणि झेल यांतले अंतर अवलंबून असू शकते, आणि ते कोणत्याही वर्षी, अगदी १९६० सालीही, तसेच असणार. २०१९ ने ही गोष्ट निर्माण केली नाही. ती मोजण्याइतकी उपकरणे तोवर आलेली होती, म्हणून ती उघड झाली.

हेतूचा प्रश्न

जून २०१८ मध्ये मेजर लीगने सेडलर इक्विटी पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेबरोबर मिळून ३९.५ कोटी डॉलरना रॉलिंग्ज विकत घेतली. नियम करणारा आणि माल बनवणारा यांच्यात त्यामुळे अंतर उरले नाही. ही गोष्ट संशयाला खतपाणी घालणारी होती आणि लीगने ते ओळखायला हवे होते. परंतु पहिली वाढ २०१५ च्या मध्यावर सुरू झाली, म्हणजे या व्यवहाराच्या तीन वर्षे आधी. मालकीमुळे होमरन वाढले, असे म्हणणाऱ्यांना ही तारीख अडचणीची ठरते. त्यातच २०१८ मध्ये, नेमक्या खरेदीच्या वर्षी, आकडा घसरला. दोन्ही अहवालांत समितीला कोणी हेतुपुरस्सर बदल केल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि आतापर्यंत समोर आलेल्या माहितीवरून मलाही तो निष्कर्ष मान्य आहे. चेंडू हवा तसा 'बनवून घेण्याइतके' नियंत्रण त्या उत्पादनावर कोणाचे असते, तर एवढी तफावतच राहिली नसती.

हेतू असतो तेव्हा तो कसा दिसतो, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. तेथील व्यावसायिक लीगने २०११ मध्ये मिझुनो कंपनीचा कमी उसळीचा एकसमान चेंडू आणला. २०१० मध्ये १,६०५ असलेले होमरन २०११ मध्ये ९३९ आणि २०१२ मध्ये ८८१ झाले. २०१३ मध्ये ते पुन्हा वाढू लागल्यावर खेळाडूंनी शंका घेतली. चेंडू बदललेला नाही, असे लीग सांगत राहिली. जून २०१३ मध्ये मात्र चेंडू अधिक उसळीचा केल्याचे आणि कंपनीला त्याबद्दल गप्प राहायला सांगितल्याचे कबूल करावे लागले. ज्या चेंडूवर आपली सही छापली जाते, तो बदलल्याचे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे आयुक्त र्‍योझो काटो म्हणाले आणि त्याच वर्षी त्यांनी पद सोडले. त्या मोसमात एकूण १,३११ होमरन झाले आणि याकुल्ट स्वॅलोजच्या व्लादिमिर बालेंतिएनने ६० होमरन मारून सादाहारू ओ यांचा १९६४ पासूनचा ५५ चा विक्रम मोडला. तेथे आदेश होता, लपवाछपवी होती आणि शेवटी कबुलीही झाली. अमेरिकेतील २०१५ ते २०१९ च्या प्रकरणात यांपैकी काही सापडलेले नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मात्र लीगची बाजू मांडणे अवघड होत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संघांना कळवण्यात आले, की लोकरीच्या पहिल्या थराचा ताण रॉलिंग्जने किंचित सैल केला आहे, त्यामुळे चेंडूचे वजन एक दशांश औंसाहून कमी प्रमाणात घटेल, उसळी थोडी कमी होईल आणि ३७५ फुटांपलीकडे जाणारे फटके एक ते दोन फूट कमी जातील. हा बदल जाहीर होता आणि त्याचे स्वागतच करायला हवे. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये विल्स यांच्या मोजमापांच्या आधारे बातमी आली, की त्या मोसमात दोन प्रकारचे चेंडू खेळात होते. करोनाकाळात उत्पादन कमी पडल्याने जुन्या साठ्यातले चेंडूही वापरावे लागले, असे लीगने मान्य केले. खेळाडूंना हे आधी सांगितलेले नव्हते. कोणत्या सामन्यात कोणता चेंडू होता, हे पिचरला माहीत नाही आणि फलंदाजालाही नाही, अशा अवस्थेत २०२१ च्या ५,९४४ होमरनचा मोसम पार पडला. हा अन्याय एका बाजूवर नव्हता, दोन्हींवर सारखाच होता, असे कोणी म्हणेल. ते सरासरीला लागू पडते, एका सामन्याला नाही.

२०२२ मध्ये सर्व तीसही मैदानांवर चेंडू ठराविक दमटपणात साठवण्याची कपाटे सक्तीची झाली. कोरड्या आणि उंचावरच्या डेन्व्हरमध्ये २००२ पासूनच हा उपाय चालू होता. कोरड्या शहरात असे कपाट चेंडू जड व मंद करते, तर समुद्रकाठच्या दमट शहरात तेच कपाट त्याला थोडा कोरडा व चपळ करू शकते. त्यामुळे सगळीकडे होमरन कमी व्हावेत, असा या उपायाचा हेतू नव्हता आणि परिणामही नाही. मैदानांमधला फरक कमी व्हावा, हा होता. त्याच वर्षी जूनमध्ये, सामन्यापूर्वी नव्या चेंडूची चकाकी घालवण्यासाठी डेलावेअर नदीकाठची जी माती चोळतात, ती कधी आणि किती वेळ चोळावी, याचीही एकसमान पद्धत संघांना घालून देण्यात आली. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सूचनेत समितीच्या निष्कर्षांची खरी दखल दिसते, कारण इंचाच्या हजाराव्या भागाने अंतर बदलत असेल, तर कातड्यावरचा मातीचा थरही हिशेबात घ्यावा लागतो.

२०२२ मध्ये होमरन ५,२१५ झाले, २०२३ मध्ये ५,८६८ आणि २०२४ मध्ये ५,४५३. हेलकावे लहान झाले आहेत, पण थांबलेले नाहीत. यांतला चेंडूचा वाटा किती, हे ठरवणे आता अधिक कठीण आहे, कारण २०२२ मध्ये कपाटे आली, पिचरऐवजी फलंदाजी करणारा राखीव खेळाडू मेजर लीगच्या दोन्ही उपविभागांत, म्हणजे अमेरिकन व नॅशनल लीगमध्ये आला, आणि २०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळाची मर्यादा लागली व क्षेत्ररक्षकांच्या उभे राहण्यावर बंधने आली. ट्रिपल-ए आणि डबल-ए यांच्यात २०१९ मध्ये होती तशी स्वच्छ तुलना पुन्हा मिळालेली नाही. वेगक्षयाची मोजणी मात्र आजही तशीच करता येते आणि तिला फलंदाज, घड्याळ किंवा नियम यांचा अडथळा होत नाही. एखाद्या मोसमाच्या मध्यावर होमरन अचानक वाढल्याचे दिसले, तर मोसमाचा एकूण आकडा बाजूला ठेवून पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू प्लेटपर्यंत किती वेग गमावतो, हे त्या महिन्यापुरते आणि आदल्या महिन्यापुरते शेजारी ठेवून पाहावे. लीगकडे ती नोंद प्रत्येक चेंडूमागे आहे. ती दर महिन्याला आपण होऊन प्रसिद्ध करायला तिला काही खर्च येणार नाही.